खालच्या रांगेतलं पाणी

३ मार्च, सोमवार

नवी वही, नवा उद्योग. आज मी ‘फक्त सत्य’ नावाच्या चर्चागटात दाखल झाले. बसथांब्यावर कागद चिकटवलेला होता, ‘आपल्या प्रभागाच्या प्रश्नांवर खुली चर्चा’, आणि खाली नंबर. चारशे बारा माणसं आहेत. गट चालवतात फोटोवाले काका. त्यांच्या स्टुडिओत हल्ली कोणी फोटो काढायला येत नाही, म्हणून दिवसभर ते गटच सांभाळतात. आल्या आल्या त्यांनी नियम सांगितले: शिवीगाळ नको, शुभ सकाळ नको, पुराव्याशिवाय बोलायचं नाही. तिसरा नियम वाचून मला भरूनच आलं.

तासाभरात कळलं की पाळला जातो तो फक्त शुभ सकाळचा नियम.

एका गृहस्थांनी स्वतःच्या फोटोऐवजी नुसत्या मिशीचा फोटो लावलाय. लिंबाची साल कानामागे घासली की रक्तदाब उतरतो, असं ते लिहीत होते. मी विचारलं, “याला पुरावा काय?” उत्तर आलं, “माझा कान.” त्यावर अठ्ठावीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

किळस आली. पण अशा ठिकाणीच शिकलेल्या माणसानं जायला हवं ना? मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, पाण्याच्या प्रयोगशाळेत सहा महिने काम करतेय. मी गप्प बसले तर बोलायचं कोणी?

संध्याकाळी बाबा कामावरून, म्हणजे पाण्याच्या टाकीवरून आले. म्हणाले, “बाई, एक अर्ज लिहून दे.” आपल्या घरांच्या खालच्या रांगेला पाणी आणणारा पाइप गटाराच्या कडेनं जातो, तिथला जोड पाझरतोय म्हणे. “साहेबांना तीनदा तोंडी सांगितलं. ते म्हणतात, लेखी आण.” म्हटलं, रविवारी नीट बसून लिहू. ते म्हणाले, “चारच ओळींचा आहे गं.” म्हटलं, चार ओळी असल्या तरी मुद्देसूद हव्यात. घरात शिकलेली मी एकटी, त्यामुळे अर्ज, फॉर्म, पत्रं सगळं माझ्याच गळ्यात.

५ मार्च, बुधवार



दुपारी गटात एक व्हिडिओ आला. लांबून, कुठल्यातरी गच्चीवरून काढलेला. पाण्याच्या टाकीवर एक माणूस पाठमोरा उभा आहे, बादलीतून पांढरं काहीतरी आत ओततोय. एक बादली झाली, मग दुसरी. वर मिशीवाल्याची ओळ: “बघा आपल्या पाण्यात रोज काय मिसळलं जातं. विष! जास्तीत जास्त लोकांना पाठवा.”

तोंड दिसत नाही. पण खाकी शर्टाच्या पाठीवर उसवलेली शिवण आहे आणि ती निळ्या दोऱ्यानं शिवलेली आहे. दोन घरं पलीकडे राहणाऱ्या शिवणवाल्या मावशींनी घाईत, हाताला लागेल त्या दोऱ्यानं शिवून दिली होती. बाबाच ते.

मी तिथल्या तिथे लिहिलं. ही ब्लीचिंग पावडर आहे, ती पाण्यात कालवून टाकतात, त्यानं जंतू मरतात, जगभर हेच करतात, प्रमाण अमुक इतकं. शांतपणे, मुद्देसूद. आलेली उत्तरं उतरवून ठेवते:

“ताई, जंतू मरतात तर आपण कसे जगणार?”

“जास्त शिकलेले लोकच जास्त फसतात.”

“एक बादली औषध असेल, मान्य. दुसरी कशाला?”

“या टाकीवाल्याच्या तोंडात ओता दोन्ही बादल्या.”

हे शेवटचं एका बाईनं लिहिलंय. तिच्या फोटोत मांडीवर तान्हं मूल आहे.

तो माझा बाप आहे, हे मी लिहिलं नाही. लिहिता आलं असतं. पण मग ते म्हणाले असते, बापाची बाजू घेतेय. सत्य नात्याच्या आधारानं उभं राहायला नको, स्वतःच्या पायांवर उभं राहायला हवं. मला हे पटलंय.

दुसऱ्या बादलीचं मात्र मलाही कळलं नाही. नेहमी एकच टाकतात. विचारायला हवं.

६ मार्च, गुरुवार

विचारायचं राहिलं. आज दिवसभर मासे.

मिशीवाल्यानं मेलेल्या माशांच्या खचाचा फोटो टाकला: “आपल्या टाकीचं पाणी जिथे सोडतात तिथली अवस्था.” जेवणाच्या सुट्टीत मी तो फोटो शोधून काढला. नऊ वर्षांपूर्वीचा, भलत्याच देशातल्या तळ्याचा. मूळ बातमीसकट गटात टाकला. वाटलं, आता तरी माणूस वरमेल.

त्याचं उत्तर: “फोटो जुना असेल. पण मासे मेले ना?”

एक्कावन्न टाळ्या.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर जिवाणू तपासणारा आमचा ‘चष्मा’ बसतो. त्याला दाखवलं तर डबा खाता खाता म्हणाला, “तू कशाला जातेस तिथे? चिखलात दगड मारला की चिखल आपल्याच तोंडावर उडतो.” म्हटलं, “सगळेच तुझ्यासारखे कडेला बसले तर चिखल वाढेलच.” तो म्हणाला, “वाढू दे की. मी वरच्या मजल्यावर राहतो.” याचंही शिक्षण माझ्याएवढंच झालंय!

जेवणात लक्ष नव्हतं. बाबांच्या हातांना पावडरीचा वास येतो, कितीही धुतले तरी. पूर्वी मला त्या वासानं कसंतरी व्हायचं. माझ्या पदवीदानाच्या दिवशी मीच म्हटलं होतं, फार वेळ उभं राहावं लागेल, तुम्ही कशाला त्रास घेता. आज तोच वास घेत मी त्यांच्या बाजूनं चारशे माणसांशी भांडत होते. त्यांना माहीतही नाही.

९ मार्च, रविवार

शेवटी मिशीवाल्यानंच आव्हान दिलं: “ताई एवढ्या शहाण्या आहेत तर पाणी तपासून दाखवा.” फोटोवाल्या काकांनीही लिहिलं, “योग्य सूचना. गट निकालाची वाट पाहील.” मला हेच हवं होतं. वाद नको, मोजमाप हवं.

काचेची मुरंब्याची बरणी घेतली. साबणानं धुतली, मग पातेल्यात बुडवून वीस मिनिटं उकळली, झाकणासकट. आई बाजूला उभी. “माझा गॅस अडवलास. मला पिण्याचं पाणी उकळायचंय.”

म्हटलं, “आई, पावडर टाकलेलं पाणी उकळावं लागत नाही. तुझ्याच घरात टाकीवाला आहे, तुझीच मुलगी पाणी तपासते, आणि तू अडाण्यासारखं—”

“तुझ्या बापानंच सांगितलंय, उकळ म्हणून. महिना झाला.”

बापानं सांगितलं म्हणे! हे दोघं एकमेकांना काय काय सांगत असतात देव जाणे. बाहेर मी विज्ञानाची बाजू लढवायची आणि घरात हे.

बाबा दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होते. म्हणाले, “टाकीवरचं पाणी नको घेऊस. खालच्या रांगेतलं घे, अगदी शेवटच्या नळाचं. आणि ते अर्जाचं—”

“बाबा, आधी हे होऊ दे. एकदा अहवाल आला की अर्जाची गरजच पडणार नाही.”

त्यांनी दोरा दातानं तोडला आणि चप्पल पायात घालून पाहिली.

१० मार्च, सोमवार

सकाळी सहाला पाणी आलं. रांगेतला शेवटचा नळ शिवणवाल्या मावशींचा. त्याची तोटी आधी जाळानं शेकली, पाणी दोन मिनिटं वाहू दिलं, मग बरणी भरली. सगळं पुस्तकात आहे तसं. मावशी मशीनवरून मान वाकडी करून बघत होत्या. पाच वर्षांची त्यांची नात माझ्या पायाशी. “ताई, पाण्याला ताप आलाय?”

“तेच बघायचंय.”

“थर्मामीटर काखेत लावणार?”

“पाण्याला काख नसते.”

“मग कसं कळणार?” असं म्हणून ती बिनचिंतेची निघून गेली. गटातल्या चारशे बारा जणांपेक्षा हिचे प्रश्न बरे.

बरणी नऊ वाजता चष्म्याच्या हवाली केली. बरणीकडे नीट न बघताच म्हणाला, “नोंदीबाहेरचं काम आहे, मॅडमना सांगू नकोस.” मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख.

१२ मार्च, बुधवार

शून्य! एकही जंतू नाही. शून्य, शून्य, शून्य.

पाण्यावर बोट ठेवायला जागा नाही. गटात मी सगळं लिहिलं: नमुना कुठून घेतला, कसा घेतला, किती वाजता, निकाल काय. शेवटी लिहिलं, “हे पाणी पिण्यास सुरक्षित आहे. घाबरून उकळण्याचीही गरज नाही.” त्या ‘ही’वर मी जरा खूश होते.

मग जे सुरू झालं! दोनशे सहा टाळ्या. “ताई, सलाम.” “अशा मुली घरोघरी हव्यात.” फोटोवाले काका: “ही आपल्या गटाची शान.” परवापर्यंत विषाच्या बादल्या वाटणारे लोक आज मिशीवाल्यावर तुटून पडलेत. “मिशी काढ आता!” एकानं त्याच्या आईवरून लिहिलं. तेही मला आवडलं नाही, पण अडवलंही नाही. मोबाइल सारखा बघत होते. बसमध्ये, जिन्यात, हात धुताना. दोनशे सहाचे दोनशे एकोणीस झाले.

मावशींना घरी जाऊन सांगितलं. त्यांच्याकडे साधा फोन आहे, गट-बिट नाही. त्यांनी चुलीवरचं—म्हणजे गॅसवरचं, सवयीनं चूल लिहिलं गेलं—पातेलं उतरवलं. “बरं झालं बाई. तू म्हणतेस म्हणजे झालंच. तुझी आई सारखी उकळा उकळा म्हणून मागे लागलेली. उकळलेलं पाणी ही कार्टी पीतच नाही, चव लागत नाही म्हणे.”

१३ मार्च, गुरुवार

माझा अहवाल साहेबांपर्यंत पोचला!

बाबांनी सांगितलं. साहेबांनी त्यांना बोलावून मोबाइल दाखवला. “हे बघ, पाणी एकदम स्वच्छ आहे. मग दोन-दोन बादल्या कशाला ओततोस? लोक वासाची तक्रार करतात, व्हिडिओ काढतात. उद्यापासून एकच.”

मी म्हटलं, “बरोबरच आहे की! जास्त पावडरही चांगली नाही.” मग आठवलं. “पण बाबा, दुसरी बादली टाकत का होता तुम्ही?”

ते बराच वेळ हात पुसत राहिले. “वाटायचं, असलेली बरी.”

“असं वाटण्यावर नाही चालत ना हे.”

“नसेल,” ते म्हणाले. “तू तपासलंस ना. मग नसेल.”

त्या अहवालावर माझं नाव नव्हतं, गटानं ठेवलेलं ‘लॅबवाल्या ताई’ एवढंच होतं. तरी त्यांनी ओळखलं. म्हणाले, “असं मुद्देसूद दुसरं कोण लिहितंय आपल्याकडे?”

१५ मार्च, शनिवार

आजचे विषय: झाडांना गाणी ऐकवली तर सावली दाट पडते का. केस कापायचा योग्य वार. लस घेतलेल्या माणसाला चमचा चिकटतो का. यावर एकानं कपाळाला चमचा चिकटवून फोटो टाकला. घामट कपाळ.  आणि तरी मी दोन तास उत्तरं देत बसले, कारण आता सगळे विचारतात, “लॅबवाल्या ताई, तुमचं मत?”

चमचा घामानं चिकटतो, असं लिहिलं. एकशे चार टाळ्या.

१७ मार्च, सोमवार

मावशींच्या नातीला काल दुपारपासून जुलाब आणि उलट्या. आज डोळे आत गेलेले, ओठ कोरडे. डॉक्टरांनी पाहताक्षणी दाखल करून घेतलं. रांगेतल्या आणखी दोन घरांत तेच. आमच्या घरात कोणाला काही नाही.

गटात कोणीतरी लिहिलं, खालच्या रांगेत साथ आलीय, पाणी बघायला हवं. त्यावर लगेच माझाच अहवाल पुन्हा टाकला गेला. मी नाही, दुसऱ्या कोणीतरी. “पाणी शंभर टक्के शुद्ध आहे, तपासणी झालेली आहे. हे लोक हातच धूत नाहीत.” मग दुसरा: “त्यांच्याकडे संडासातून आल्यावर हात धुण्याची पद्धतच नसते.” फोटोवाले काका: “लॅबवाल्या ताईंनी सिद्ध केलेल्या विषयावर पुन्हा चर्चा नको.”

हे लोक. म्हणजे आम्ही.

माझ्याच शब्दांनी आमच्याच तोंडावर थुंकले. मी लिहायला घेतलं की मी त्याच रांगेत राहते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. त्यांना सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

प्रयोगशाळेत मॅडमच्या कानावर साथीची बातमी आली. माझा तो निकाल त्यांनी मोबाइलवर पाहिला, कोणीतरी पाठवला असणार. मला आत बोलावलं.

“नमुना कशात घेतला होता?”

“काचेच्या बरणीत, मॅडम. वीस मिनिटं उकळून.”

“आणि बरणीत मीठ टाकलं होतं?”

मी “नाही” म्हटलं आणि तेव्हाच आठवलं. 

पावडर टाकलेल्या पाण्याचा नमुना कोरड्या बाटलीत घेत नाहीत. बाटलीत आधीच एक रासायनिक मीठ (खायचं नव्हे) टाकून ठेवतात, ते पावडरीचा जोर तिथल्या तिथे मारतं. नाहीतर नळापासून प्रयोगशाळेपर्यंत बाटलीतली पावडर जंतू मारतच राहते, आणि नळाला घाण असली तरी निकाल येतो शून्य. हे मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षाला हा प्रश्न आला होता, मला पूर्ण गुण होते. पण मी बसते रसायन विभागात. मिठाच्या बाटल्या चष्म्याच्या कपाटात तयार ठेवलेल्या असतात. मी मुरंब्याची बरणी उकळली आणि उकळल्याचाच मला केवढा अभिमान!

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्या सकाळी आपल्या बाटलीत घेऊन ये. माझ्या सहीनं निकाल जाईल. आणि कोणाला सांगितलं असशील, त्यांना आजच सांग.”

घरी आले. मावशींच्या दाराला कुलूप, सगळे दवाखान्यात. गटात लिहायचं तर हातात पुरावा काय? नवा निकाल येईपर्यंत मी नुसतं ‘चुकलं असावं’ म्हणणार का? आईला एवढंच सांगितलं. तिनं पदर खोचला आणि रांगेतली सगळी दारं वाजवून आली. तिला पुरावा लागला नाही.

बाबा तेवढं बोलले: “जोडावरचं फडकं रोज बदलत होतो मी. काळं होतं, दुसऱ्या दिवशीच.”

“दुसरी बादली त्यासाठी?”

“मग काय करणार? साहेबांना लेखी हवं होतं.”

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

२० मार्च, गुरुवार

निकाल आला. मैला मिसळलेल्या पाण्यात सापडतात तेच जंतू, मोजता येणार नाहीत इतके. मॅडमच्या सहीचा कागद पाणीखात्याकडे गेला.

आणि मी गटात लिहिलं. शब्द न शब्द इथे उतरवते, कारण तिथे तो राहिला नाही. “माझा १२ तारखेचा निकाल चुकीचा होता. चूक माझी, बाटलीची. टाकीतलं पाणी चांगलं आहे आणि टाकीत टाकतात ती पावडरच आहे, विष नाही. पण खालच्या रांगेच्या पाइपमध्ये गटाराचं पाणी शिरतंय. तिथलं पाणी पिण्यास योग्य नाही. कृपया उकळूनच प्या. मी सगळ्यांची क्षमा मागते.”

मला काय वाटलं होतं? की खरं बोलणाऱ्याचा थोडा तरी मान ठेवतील.

“आधी शुद्ध, आता अशुद्ध. ताई, नक्की कोणाच्या सांगण्यावरून?”

“पदवी खरी आहे का बघा आधी.”

“बाटलीवर ढकलतेय!”

टाळ्या वाजवणारे तेच दोनशे एकोणीस. एकजण तर म्हणाला, आम्ही तुमचा अहवाल पाहुण्यांना पाठवला होता, आमची काय अब्रू राहिली? म्हणजे पाणी घाण असण्यापेक्षा हे वाईट.

मग मिशीवाला आला. माझ्या मजकुरातला मधला एकच तुकडा कापून घेतला, “पाणी पिण्यास योग्य नाही”, त्याखाली माझं ‘लॅबवाल्या ताई’ आणि त्याखाली बाबांचा तो जुना व्हिडिओ. “लॅबनं कबूल केलं! विषच होतं! हाच तो टाकीवाला!” फोटोवाल्या काकांनी माझा मूळ मजकूर काढून टाकला. “गोंधळ नको म्हणून,” असं कारण दिलं. तुकडा तसाच ठेवला.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेत, परीक्षानळ्यांच्या घोडीपाशी उभी असताना, मोबाइलवर दुसरा व्हिडिओ आला.

टाकीच्या फाटकात पंधरा-वीस माणसं. बाबा हातवारे करून सांगतायत, “साहेब, पावडर आहे, वास घेऊन बघा.” सगळ्यांना साहेब म्हणतायत. स्वतःच्या बोटाला पावडर लावून त्यांनी जिभेवर ठेवली, दाखवायला. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, “पूर्ण बादली पी की.” मग एका हातानं त्यांच्या कानशिलात मारली. टोपी पडली. ती उचलायला ते वाकले तेव्हा मागून शर्ट ओढला आणि निळी शिवण वरपासून खालपर्यंत फाटली. आवाजही ऐकू येतो फाटल्याचा.

खाली हसऱ्या तोंडांची रांग. मोजली नाहीत.

मी लिहिलं: “तो माझा बाप आहे.”

मिनिटभर गट गप्प होता. चारशे माणसं, आणि कोणी काही टाकत नव्हतं. मला वाटलं, आता. आता कोणीतरी माणसासारखं बोलेल.

पहिलं उत्तर त्या तान्ह्या मुलाच्या आईचं. “मग आधी का लपवलंत?”

दुसरं: “म्हणजे घरचाच मामला होता तर.”

मग फोटोवाले काका: “वैयक्तिक विषय गटावर नकोत, ही विनंती.” आणि मला काढून टाकलं. पडद्यावर एक ओळ उरली, तुम्ही आता या गटात नाही.

 बेसिनपाशी जाऊन ओकले. चष्म्यानं पाण्याचा पेला आणून दिला, आणि मी तो हातात धरून विचार करत राहिले की हे कुठलं पाणी.

त्या बाईचं उत्तर मात्र डोक्यातून जात नाही. सगळ्या घाणीतलं तेवढं एकच वाक्य पुसता येत नाही.

२२ मार्च, शनिवार

बाबांचा कान सुजलाय, त्या बाजूनं कमी ऐकू येतं. पोलिसात जाऊ म्हटलं तर हात हलवला.

दवाखान्यात गेले. नातीला सलाइन चालू आहे, पण आज तिनं डोळे उघडून बिस्कीट मागितलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत घरी. मावशी मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना म्हणाल्या, “आता उकळायचंच ना? का पुन्हा बदलणार?”

“उकळायचंच, मावशी.”

“नाही, विचारून ठेवते.”

दुपारी साहेब स्वतः घरी आले. मॅडमच्या कागदानंतर वरून विचारणा झालीय. सोमवारी पाइप उकरणार आहेत. दारातच उभं राहून म्हणाले, “जोड पाझरतोय हे तुला माहीत होतं, तर कळवलं का नाहीस?”

“तीनदा सांगितलं, साहेब.”

“लेखी कुठंय?”

बाबांनी दारातली चप्पल बाजूला सरकवली.

“लेखी असेल तर सोमवारी घेऊन ये. नसेल तर चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. माझा नाइलाज आहे.” आई मागून म्हणाली, “चहा घेता?” साहेब “नको” म्हणाले आणि चहाला घरातलंच पाणी वापरत असतील या शंकेनं एकदा गॅसकडे बघून गेले.

२३ मार्च, रविवार

आज रविवार. अर्ज लिहिला.

बाबा माझ्या समोर पाटावर बसले, चांगला कान माझ्याकडे करून. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. खालच्या रांगेचा पाइप. गटाराशेजारचा दुसरा जोड. पाणी सुटतं तेव्हा बाहेर पाझरतं आणि बंद झालं की गटाराचं आत ओढलं जातं. फडकं रोज काळं होतं. तोंडी तीन वेळा सांगितलं आहे. दुरुस्ती व्हावी ही विनंती. खरंच चार ओळींचा होता. वेळ लागला सहा मिनिटं.

तारखेपाशी मी थांबले. म्हटलं, “३ मार्च घालते.”

“आज किती आहे?”

“तेवीस. पण बाबा, तीन तारखेलाच तुम्ही सांगितलं होतं ना मला. त्यात खोटं काय आहे? तीन घातली तर साहेबांना काही बोलायला जागा राहणार नाही. कोणाला कळणारही नाही.”

हे मी म्हणाले. ‘फक्त सत्य’मध्ये अठरा दिवस घसा फोडलेली मी.

बाबांनी सुजल्या कानाला हात लावला. “लिहिला कधी?”

“आज.”

“मग आजची घाल.”

मी २३ मार्च घातलं. मग त्यांना न विचारता खाली आणखी एक ओळ लिहिली आणि सहीआधी वाचून घ्यायच्या त्यांच्या पद्धतीप्रमाणे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, ती ओळही: “हा अर्ज लिहून देण्यास मी माझ्या मुलीस ३ मार्च रोजी सांगितले होते, ती पदवीधर असून तिने तो लिहिला नाही.”

आई पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता थांबली.

“हे मी नव्हतं सांगितलं,” बाबा म्हणाले.

“खरं आहे ना पण?”

त्यांनी हात शर्टाला पुसले, पेन घेतलं, आणि कागदावर अगदी खाली, मोठ्या सुट्या अक्षरांत, सही केली. कागदाला पावडरीचा वास लागला.